तीन ग्रॅमची दादागिरी

एप्रिल संपता संपता न्यू जर्सीत दोन तऱ्हेचे पाहुणे उतरतात. एक, मुलांकडे सहा महिने राहायला आलेले मराठी आईवडील, दुसरा, हमिंगबर्ड. दोघेही उबदार मुलखातून येतात, दोघांनाही थंडी सोसत नाही आणि उन्हाळा सरला की दोघांचीही परतीची घाई सुरू होते. आईवडिलांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि कुकरची जास्तीची शिटी असते. विमानतळावरचा अधिकारी त्यांना ‘किती दिवस राहणार?’ असं विचारतो आणि उत्तर ऐकून परतीचं तिकीट मागतो. हमिंगबर्डला कुणी काही विचारत नाही. तो मेक्सिको, कोस्टारिका, पनामा अशा कुठून कुठून निघतो आणि नेमका आमच्या मुलीच्या बॅकयार्डात येऊन हक्काने जेवायला मागतो. त्याच्याकडे कागद नाही, पत्र नाही, आणि सामान तर नाहीच. त्याचं अख्खं वजन तीन ग्रॅम, म्हणजे अमेरिकेच्या एका सेंटच्या नाण्याहून जरासं जास्त.

अमेरिकेत मुलीकडे गेलेल्या निवृत्त गृहस्थाचा खरा प्रश्न सकाळी साडेआठनंतर सुरू होतो. मुलगी-जावई कामावर, नात शाळेत. गाडी चालवायची नाही. रस्त्यात कुणाशी दोन शब्द बोलावेत म्हटलं तर रस्त्यावर माणूसच नसतो. एखादं कुत्रं आपल्या मालकाला फिरवून आणत असतं, तेवढाच जिवंतपणा. टीव्हीला तीन रिमोट, आणि तिन्ही एकदम दाबले तरी टीव्ही लागत नाही. अशा वेळी शहाणी मुलगी वडिलांना काहीतरी काम लावून देते. मुलीच्या गावातल्या, एडिसनमधल्या, माझ्या ओळखीच्या आजोबांपैकी कुणाकडे टोमॅटोची रोपं आहेत, कुणाकडे गराज आवरण्याचं काम आहे. मला फीडर मिळाला.

फीडर म्हणजे उलटी टांगलेली काचेची बाटली. खाली लाल प्लास्टिकची बशी, तिच्यावर चार खोटी फुलं, प्रत्येक फुलाच्या मधोमध चोच जाईल एवढं भोक आणि पुढे बसायला दांडी. बाटलीत साखरपाणी भरायचं आणि डेकवरच्या आकड्याला टांगायचं. निदान खोक्यावर तरी एवढंच लिहिलेलं होतं. ही हौस या देशात चांगली जुनी आहे. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन या प्राध्यापकाने डोळ्याचं पातं लवायच्या आत विझणाऱ्या दिव्याने या पक्ष्याचे फोटो काढले आणि ते १९४७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापून आले. कुणाच्याही डोळ्यांना कधी न दिसलेले पंख लोकांना स्थिर दिसले. १९५० च्या सुमाराला या बाटल्या दुकानात विकायला आल्या, आणि तेव्हापासून अमेरिकेत लाखो घरांतली माणसं एका पक्ष्याच्या सरबतासाठी पातेली घासत आहेत.

सरबताचं प्रमाण ठरलेलं आहे. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. साखर साधी, पांढरी. मध चालत नाही, त्यात बुरशी धरते. गूळ आणि तपकिरी साखर चालत नाही, त्यातलं लोह त्याला बाधतं. लाल रंग घालायचा नाही. बशी लाल आहे तेवढं पुरे. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं ओतून द्यायचं, बाटली गरम पाण्याने घासायची आणि ताजं भरायचं.

सौ.ने साखरपाण्याच्या पातेल्यात चमचा बुडवून एक थेंब तळव्यावर घेतला, चाखला आणि तोंड वाकडं केलं.

“अहो, हे पाणी आहे. पाहुण्याला असं देतात?”

तिच्या मते एकतारी पाकाच्या आत कुणाचंही तोंड गोड होत नाही. शिवाय दोन वेलदोडे कुटून घातले तर काय बिघडेल, असंही तिचं म्हणणं होतं. मी तिला सांगितलं, की ज्या फुलांवर हा पक्षी जातो त्यांच्यातला रस साधारण एवढाच गोड असतो, त्याला याचीच सवय आहे.

“फुलं कंजूष असतील. आपण कशाला?”

या युक्तिवादाला पक्षिशास्त्रात उत्तर नाही. शेवटी मुलीने ऑफिसातून फोनवर “आई, वेलची नाही!” असं ठणकावल्यावर ते पातेलं निर्वेलची अवस्थेत गार झालं.

फीडर टांगला की पक्षी आलाच, असं खोक्यावरच्या चित्राने वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या आल्या मुंग्या. पुण्यातल्या मुंगीला आणि न्यू जर्सीतल्या मुंगीला साखरेचा पत्ता एकाच वेगाने लागतो. बाजारात यावर ‘अँट मोट’ नावाची वस्तू मिळते. आकडा आणि फीडर यांच्या मधे एक छोटी वाटी टांगायची, तिच्यात पाणी भरायचं. मुंगी तारेवरून खाली येते, पाण्याशी अडते आणि परत जाते. सौ.ने कंप्युटरवर तिचं चित्र पाहिलं आणि म्हणाली, “हे तर आमच्या आईचं दुधाचं कपाट!” तिच्या माहेरी जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत. तीच वाटी अमेरिकेने उचलून वर टांगली आहे आणि तिला डॉलर लावले आहेत. डॉलरला रुपयांत गुणून झाल्यावर ती विकत घ्यायचा प्रश्नच उरला नाही. खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं, तळाला भोक पाडून तार ओवली, भोक मेणबत्तीच्या मेणाने बुजवलं आणि पाणी भरलं. शेजारच्या बाईंनी तारेला व्हॅसलीन फासायचा सल्ला दिला होता, तो मात्र ऐकू नये. ते पक्ष्याच्या पिसांना लागलं तर निघत नाही आणि पिसं कामातून जातात. राज्याच्या उत्तरेकडे फीडरवर काळी अस्वलं येतात असं कळलं, तेव्हा मुंग्यांबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली.

मग एका सकाळी आवाज आला. भुंग्याहून जाड, टेबलफॅनहून बारीक. मी मान वर केली तर फीडरपाशी तो हवेत उभा होता. उडत नव्हता, उभा होता. पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा हलतात, त्यामुळे पंख म्हणून काही दिसतच नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना नुसता धूर. डोकं मात्र जागच्या जागी ठोकून बसवलेलं. चोच भोकात गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. बाटलीच्या तळातून एक बुडबुडा सुटला आणि डुबुक करत वर गेला. तो बुडबुडा म्हणजे साहेबांनी घोट घेतल्याची पावती. चोचीतून तो पाणी ओढत असेल असं मला वाटत होतं, पण ते काम जिभेचं. ती टोकाला दुभंगलेली असते आणि सेकंदाला दहा-पंधरा वेळा आत-बाहेर होते. पिणं झाल्यावर तो तसाच मागच्या मागे सरकला, चोच भोकाच्या रेषेतून जराही न हलवता. रिव्हर्स गिअरमध्ये इतक्या सफाईने उडणारा पक्षी दुसरा नाही.

त्याचा गळा मला काळा दिसत होता. याला ‘रुबी-थ्रोटेड’ का म्हणतात, असा प्रश्न मनात येतो न येतो तोच त्याने मान वळवली आणि गळ्यावर निखारा पेटला. परत वळवली, विझला. तो लाल रंग पिसांत कालवलेला नसतोच. पिसांच्या बारीक घडणीवर ऊन एका ठराविक कोनातून पडलं तरच तो दिसतो. म्हणजे या पक्ष्याला माणिक दाखवायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर. मी मर्जी राखून बसलो.

लाल रंगाचं त्याला भलतं कुतूहल. नातीची लाल टोपी, बागेतल्या नळाची लाल मूठ, जावयाच्या गाडीचा मागचा दिवा, सगळं तो एकदा तपासून बघतो. एका दुपारी सौ. डेकवर कोथिंबीर निवडत बसली होती. ती टिकली लावत नाही. ठसठशीत ओलं कुंकू लावते. आतून मला “अहो… अहो…” असा ओठ न हलवता काढलेला आवाज आला. बाहेर जाऊन बघतो तो तिच्या कपाळासमोर वीतभर अंतरावर तो उभा. त्याच्या पंखांच्या वाऱ्याने तिच्या बटा हलत होत्या. त्याने कुंकू डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जरा वर होऊन पाहिलं, आणि यात रस नाही असा निर्णय घेऊन निघून गेला. संध्याकाळी मुलीला हे सांगताना सौ. म्हणाली, “इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुंकवाकडे एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं गं.” मी त्याच खोलीत होतो. दुसऱ्या दिवसापासून कुंकवाचा व्यास वाढला, हे मी कुणाला बोललो नाही.

इथवर सगळं गोड चाललं होतं. नंतर या पक्ष्याचा खरा स्वभाव कळायला लागला.

शुभेच्छापत्रांवर आणि कॉफीच्या कपांवर हमिंगबर्डचं चित्र पाहून माणसाचा असा ग्रह होतो की हा कुणी नाजूक, कविमनाचा जीव असावा. तो गुंड आहे. फीडरला चार भोकं आहेत. त्याला लागतं एक. पण लोकलमध्ये रुमाल टाकून चौघांची जागा धरणाऱ्या डोंबिवलीकरासारखा तो समोरच्या मेपलच्या वाळक्या काटकीवर बसतो आणि दुसरा कुणी फीडरकडे फिरकला की चिक्‌चिक्‌ करत त्याच्यावर तुटून पडतो. दुसरा नर आला तर पाठलाग कुंपणापलीकडे, तिसऱ्याच्या छपरावरून, पार दिसेनासा होईपर्यंत. मादी आली तरी हाकलतो. भुंग्याला हाकलतो, फुलपाखराला हाकलतो. एकदा तर चांगल्या धष्टपुष्ट कावळ्यामागे लागलेला पाहिला. कावळ्याने मागे वळून पाहिलं आणि आपल्यामागे काय लागलंय ते न कळल्यामुळे भीतीने जोर लावला असावा.

गंमत अशी की या पहाऱ्यापायी तो स्वतः धड जेवत नाही. दोन घोट घेतले की परत काटकीवर, डोळे चारी दिशांना. त्याच्या बाजूने बोलायचं तर यात तर्क आहे. इतक्या वेगाने पंख हलवणाऱ्याचं पोट पंधरा-वीस मिनिटांत रिकामं होतं. जंगलात एका फुलात रसाचा जेमतेम थेंब असतो, तो संपला की पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून फुलांचा एक ताटवा ताब्यात ठेवणं आणि दुसऱ्याला शिरू न देणं हा त्याच्या पोटापाण्याचा हिशेब. इथलं फूल कधीच संपत नाही, कारण ते भरायला एक निवृत्त बँक अधिकारी नेमलेला आहे, हे त्याला कोण सांगणार?

यावर जाणत्यांचा तोडगा असा की दुसरा फीडर टांगावा, पण पहिल्यावरून दिसणार नाही अशा जागी. एक दादा एकाच वेळी दोन मोहल्ले सांभाळू शकत नाही. आम्ही दुसरा घराच्या दर्शनी बाजूला लावला. दादाने दिवसभर विचार केला आणि आपला मुक्काम छपराच्या कण्यावर हलवला. तिथून दोन्ही दिसत होते. मग तिसरा फीडर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पन्हळीच्या आड गेला. साखरेची पाच किलोची पिशवी कशी संपली, असं जावयाने विचारलं तेव्हा सौ. माझ्याकडे बघत होती. मला मधुमेह आहे.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हमिंगबर्डच्या रक्तातली साखर उपाशीपोटी तीनशेच्या आसपास आणि खाल्ल्यावर सातशेच्याही वर मोजली गेली आहे. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझे आकडे याच्या निम्म्यावर गेले तरी डॉक्टर खुर्चीतून उठतात. आणि याचा एचबीएवनसी? साडेचारच्या आसपास. निरोगी माणसाचाही याहून थोडा जास्तच भरतो. म्हणजे हा प्राणी दिवसभर साखरपाणी पितो, रक्तात पाक वाहतो आणि तीन महिन्यांचा रिपोर्ट आदर्श येतो. असं का, ते मला पुरतं कळलं नाही; एवढं मात्र खरं की खाल्लेली साखर तो लगेच पंखांत जाळतो. डॉक्टर आम्हाला रोज चाळीस मिनिटं चाला म्हणून सांगतात ते याच तत्त्वावर. मी हे सौ.ला सांगितलं, या आशेने की संध्याकाळच्या चहात एक चमचा… तिने मला सेकंदाला पन्नास वेळा हात हलवून दाखवायला सांगितलं.

जूनमध्ये मेपलच्या खालच्या फांदीवर नातीने घरटं शोधलं. फांदीवरची गाठ वाटावी असं. अर्ध्या अक्रोडाच्या कवचाएवढी वाटी, वनस्पतींच्या मऊ कापसाची, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी शिवलेली, बाहेरून दगडफुलाच्या तुकड्यांनी मढवलेली. जाळ्याचा धागा ताणला जातो म्हणून पिल्लं वाढतील तसं घरटंही सैल होतं. आत दोन अंडी असतात, वाटाण्याएवढी. आम्ही लांबून, जावयाच्या दुर्बिणीतून पाहिलं. हे घरटं एकट्या मादीने बांधलं होतं, अंडी तीच उबवणार आणि पिल्लांना तीच भरवणार. नराचं काम लग्नाच्या आधी हवेत मोठाले झोके घेऊन दाखवण्यापुरतं. ते झालं की तो पुन्हा फीडरच्या राखणीला हजर.

“म्हणजे सगळं बाईने करायचं आणि याने फांदीवर बसून लक्ष ठेवायचं,” सौ. म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, “बँकेत असायचा वाटतं.”

पिल्लं उडून गेल्यावर ते रिकामं घरटं पुण्याला नेऊन शोकेसमध्ये ठेवावं, असं तिच्या मनात होतं. जावयाने तिला थांबवलं. या देशात १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. त्याखाली असा पक्षी पाळता येत नाही, त्याचं घरटं काय, पीससुद्धा घरात ठेवता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा अजून लोक पाळतात हे ऐकून सौ.ला घरट्यापेक्षा त्याचंच अप्रूप वाटलं.

मी काढलेला फोटो (पक्षी अस्पष्ट, फीडर स्पष्ट) पुण्याच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मिनिटभरात सदाशिव पेठेतून उत्तर आलं: “यात काय विशेष? आमच्या जास्वंदीवर हा रोज येतो.” त्याच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत. अलास्कापासून पार दक्षिणेच्या टोकापर्यंत. आशियात एकही नाही. शिंजीरही इवलासा, चमकदार, बाकदार चोचीचा आणि फुलातला रस पिणारा; पण रक्ताच्या नात्याने त्याचा याच्याशी काही संबंध नाही. याचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या, ज्या आपल्याकडे संध्याकाळी जुन्या देवळांभोवती घिरट्या घालतात. शिंजीर पाहावा तो फांदीला पाय लावून, मान लांब करून आरामात पिताना. अधूनमधून हवेत थांबतो, पण तो त्याचा रोजचा धंदा नव्हे. एवढं सगळं मी टाइप करून पाठवलं. उत्तरादाखल अंगठा आला, आणि त्याखाली: “तेच ते.”

पक्षी न पाहता त्याच्याबद्दल अधिकारवाणीने बोलण्याची परंपरा मात्र पेठेपुरती नाही, तिला थेट लंडनची सनद आहे. जॉन गूल्ड हे एकोणिसाव्या शतकातलं पक्षिशास्त्रातलं बडं नाव. १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा या गृहस्थाने रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचं वेगळं प्रदर्शन मांडलं. ७५ हजारांवर लोकांनी सहा-सहा पेन्स मोजून ते पाहिलं. राणी व्हिक्टोरियाही येऊन गेली. हमिंगबर्डवर त्याचा चित्रांसकट बहुखंडी ग्रंथ निघत होता. आणि तोवर त्याने एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिला नव्हता! तो दिसला १८५७ मध्ये, फिलाडेल्फियात, म्हणजे आमच्या एडिसनपासून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. दिसला तो हाच, लाल गळ्याचा. गूल्डने पाहून समाधान मानलं असतं तर ठीक, पण त्याने काही पकडून बोटीने इंग्लंडला न्यायचा घाट घातला. तिथवर पोहोचलेला पक्षीही जगला नाही. तीन ग्रॅमच्या जिवाला दर पंधरा मिनिटांनी जेवायला लागतं. त्याला अटलांटिक पार न्यायचं म्हणजे काय, हे पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून कळण्यासारखं नव्हतं.

जुलैत एक नवल घडलं. फीडर ओस पडले. बाटली ताजी, मुंग्या बंद, दादा काटकीवर नाही. सौ. म्हणाली, बघा, पातळ पाण्याला कंटाळला. चौकशीअंती कळलं की शेजाऱ्याच्या कुंपणावर ट्रंपेट क्रीपरचा वेल फुलला होता. नारिंगी, लांब कर्ण्यासारखी फुलं. आमचे पाहुणे तिकडे जेवत होते. खऱ्या फुलापुढे साखरपाण्याला कुणी विचारत नाही, ही गोष्ट फीडर विकणारे छापत नाहीत. त्यानंतर मुलीच्या बागेत आम्ही बी बाम लावला, ओलसर कोपऱ्यात कार्डिनल फ्लॉवर लावलं आणि कुंपणाला कोरल हनीसकल चढवला. तिन्ही इथल्याच मातीतली, नळीसारख्या फुलांची. ट्रंपेट क्रीपर मात्र मुद्दाम टाळला. तो कुंपण, गराज आणि शेजारी असा क्रमाने गिळत जातो. गुलाब आणि हायड्रेंजिया या पक्ष्याच्या दृष्टीने नुसती शोभा. त्यांच्याकडे तो ढुंकून पाहत नाही.

आणखी एक गोष्ट साखरेच्या गडबडीत विसरली जाते. साखर हे त्याचं पेट्रोल. जेवण म्हणजे किडे. चिलटं, मावा, बारीक कोळी. पिल्लांचं तर अंग त्याच्यावरच धरतं. दर काही आठवड्यांनी एक गाडी येऊन या वसाहतीतल्या हिरवळींवर औषध फवारून जाते, आणि मग लोक फीडर भरून पक्ष्यांची वाट बघतात. जावयाकडे मी हा विषय काढला. सासऱ्याने जावयाच्या हिरवळीबद्दल बोलणं आमच्यात शिष्टसंमत नाही, पण मी पक्ष्याच्या वतीने बोललो. पुढच्या वेळी गाडी आमच्या दारावरून पुढे गेली. हिरवळीत थोडी रानटी क्लोव्हर आली आणि चिलटं आली. संध्याकाळी ती चिलटं हवेतल्या हवेत टिपताना दादाला पाहिलं, तेव्हा जावयानेही पाच मिनिटं फोन खिशात ठेवला.

ऑगस्टच्या शेवटी दादा दिसेनासा झाला. नर आधी जातात. माद्या आणि त्या वर्षीची पोरं मागाहून निघतात, प्रत्येक जण एकटा, वाट दाखवायला कुणी नाही. निघण्यापूर्वी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करून घेतात, कारण त्यांच्यातले बरेचसे मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. आठशेच्या वर किलोमीटर, अठरा-वीस तास, मधे टेकायला काही नाही. आम्हीही सहा महिन्यांत वजनाच्या बाबतीत फार मागे राहिलो नाही, पण आम्हाला पुढे विमान होतं आणि दोन वेळचं जेवण तिकिटात धरलेलं होतं.

ओक ट्री रोडवर वाणसामान घेताना एका गृहस्थांनी मला सांगितलं, की सप्टेंबरात फीडर काढून ठेवा, नाहीतर पक्षी आयत्या साखरेच्या लोभाने थांबतात आणि थंडीत मरतात. हे साफ खोटं. दिवस लहान होऊ लागला की त्याच्या अंगातलं घड्याळ त्याला निघायला लावतं; साखर भरलेली असो वा नसो. वेळ झाली की निघायचं हे त्याला कुणी पासपोर्टावर शिक्का मारून सांगावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये मुलांकडे निघालेल्यांना एवढंच सांगणं. मुलाने फीडर हातात दिला तर घ्या, पण आधी रोपं मागा. ती लावून झाल्यावर फीडर टांगा. आणि भारतातच असाल तर साखरपाण्याच्या भानगडीत पडू नका, शिंजीराला त्याची गरज नाही. गॅलरीत एखाद्या मोठ्या कुंडीत हमेलिया लावा, रसेलिया लावा, जागा असली तर कर्दळ लावा. ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, तिकडे हमिंगबर्ड यांच्यावरच जेवतात. इकडे शिंजीराने ती कधीच आपली मानली आहेत. न्यू जर्सीतल्यांनी फीडर मात्र ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरून ठेवावेत. कॅनडातून उशिरा निघालेल्यांचा रस्ता तिथूनच जातो.